मी विदूषक झालो

गेल्या श्रावणी पौर्णिमेस, म्हणजे संस्कृतदिनी, नागपुरातील एका लहानशा सभागृहात ‘मृच्छकटिका’चा तिसरा अंक झाला आणि त्यात विदूषकाचे काम मी केले, ही वार्ता आमच्या महालातील आप्तेष्टांत एव्हाना पुरती पसरली आहे. कोणी कौतुक करतात, कोणी “या वयात?” असे तोंडावर विचारतात. उत्तर दोघांनाही देणे आहे. तेव्हा ते एकदाच, आणि लिहूनच द्यावे, असे योजिले आहे.

माझे इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संस्कृत तेवढे वडिलांच्या पायाशी बसून झाले आणि त्याच शिदोरीवर शाळेत पस्तीस वर्षे निभावली. विदूषक हे प्रकरण मी त्या काळात कितीदा शिकविले त्याची गणती नाही. भरतमुनींनी सांगितल्याप्रमाणे तो ठेंगणा, दात पुढे आलेला, कुबडा, टकला, पिंगट डोळ्यांचा. हाती कुटिलक नावाची वाकडी काठी. जातीने ब्राह्मण, पण बोलणे प्राकृत. जिभेला मोदकांची ओढ आणि राजाशी सलगी. पाच गुणांची टीप. मुलांनी ती पाठ करावी आणि मी तपासावी. नाटकातील त्याची वाक्ये शौरसेनीत असतात व पुस्तकात त्यांखाली संस्कृत छाया दिलेली असते. मी मुलांकडून छायाच वाचून घेई. मूळ वगळण्यात आपण काही गमावीत आहो, असे मला कधी वाटले नाही.

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात एक गोष्ट आहे. पहिल्या नाट्यप्रयोगावर विघ्ने आली, तेव्हा पात्रांच्या रक्षणास देवता नेमल्या. नायकाचे रक्षण इंद्राकडे, नायिकेचे सरस्वतीकडे, इतर पात्रांचे शिवाकडे; आणि विदूषकाचे ओंकाराकडे. वर्गात हे मी गंमत म्हणून सांगत असे. सगळ्यांत हास्यास्पद पात्राला सगळ्यांत पवित्र अक्षराची राखण का लागावी, हे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकारंभी दुष्यंत विदूषकाला हंसपदिकेची समजूत घालण्यास आत पाठवितो, आणि मग भर सभेत शकुंतलेला ओळखत नाही. दुर्वासाचा शाप सर्वांना पाठ असतो. परंतु ज्याच्यापुढे राजाला राजेपण मिरवावे लागत नाही, तो एकुलता एक मनुष्य त्या सभेत नाही, हे मला पस्तीस वर्षांत दिसले नव्हते.

भवभूती तर आपल्या विदर्भातला. आपण पद्मपूरचे, असे तो स्वतःच सांगतो. आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले आहे. त्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. मला कालिदासाहून भवभूती जवळचा वाटे तो या कारणाने, आणि हे मी वर्गात अभिमानाने सांगतही असे. माझ्याही घरात विदूषक नव्हता. म्हणजे एक होता. त्याला मी घालविला.

आमचा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा असेल. एके दिवशी शाळा लवकर सुटली व मी अवेळी घरी आलो. माजघरातून हसण्याचा आवाज येत होता. दाराशी येऊन पाहतो तो चिरंजीव माझी टोपी घालून, माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, “ह्रस्व! ह्रस्व म्हटले मी!” असे शेजारच्या मुलांना दटावीत होते, आणि त्याची आई पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली होती. मला पाहताच सारे थांबले. मी पुढे होऊन त्याच्या कानशिलात लगावली. चष्मा फुटला, तो माझाच. त्यानंतर त्याने माझीच काय, कोणाचीच नक्कल केली नाही. माझ्याशी तो व्याकरणशुद्ध बोलू लागला. पुढे शिकला, पुण्यास नोकरीला लागला. दूरध्वनीवर प्रकृती विचारतो, पैसे लागतात का विचारतो. तक्रार करण्यासारखे काही नाही.

आता त्या प्रयोगाकडे वळतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी नाट्यशिक्षण घेऊन आली आहे. तिनेच तो बसविला. माझ्याकडे उच्चार तपासणे आणि पडद्याआडून वाक्ये पुरविणे एवढेच काम होते. प्रयोगाला चार दिवस असता मैत्रेयाचे काम करणारा तरुण तापाने अंथरुणाला खिळला. सगळी वाक्ये पाठ असलेला मनुष्य मी एकटाच. “सर, तुम्हीच उभे राहा,” ती म्हणाली. मी नाही म्हटले. पण इतरांची तोंडे पाहून मग हो म्हटले.

पहिल्याच तालमीत तिने मला थांबविले. “सर, तुम्ही पाठ म्हणून दाखविता आहात.” नंतर तिने एक चमत्कारिक काम सांगितले: सर्वांसमोर मध्यभागी उभे राहावयाचे आणि काहीही करावयाचे नाही. हसवावयाचे नाही, गंभीरही दिसावयाचे नाही. समोरच्यांकडे पाहावयाचे, एवढेच. मी छाती काढून उभा राहिलो. ती म्हणाली, “ही वर्गातली उभे राहण्याची रीत झाली.” हात मागे घेतले. “ही पण.” वाचकहो, मला तिसरी रीत ठाऊक नव्हती. आठ मुलांपुढे, ज्यांतील तिघे माझेच विद्यार्थी, मला हातांचे काय करावे ते कळेना. घसा कोरडा पडला. हे भय नवीन नव्हते, फार ओळखीचे होते. आपल्याला कोणी हसू नये, याच बेताने मी पस्तीस वर्षे वर्गात पाऊल टाकीत आलो होतो.

तालमीनंतर तिने झाक लकोक या फ्रेंच गुरूची हकीकत सांगितली. त्यांनी १९५६ साली पॅरिसला नाट्यशाळा काढली. एकदा त्यांनी शिष्यांना वर्तुळात बसवून, एकेकाने मध्ये येऊन बाकीच्यांना हसवावे, असे सांगितले. शिष्यांनी कोलांट्या घेतल्या, कोट्या केल्या, कोणी हसेना. अखेर ते ओशाळून आपापल्या जागी परतू लागले, आणि त्यांची ती फजीत मुद्रा पाहून सगळे हसू लागले. विदूषकाच्या नाकावरच्या तांबड्या गोळ्याला लकोक जगातील सर्वांत लहान मुखवटा म्हणत. मला ही कथा पटली. पण पटणे निराळे आणि अंगी येणे निराळे.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत शास्त्री मंडळी आणि माझे जुने सहकारी होते. तिसऱ्या अंकाचा प्रसंग असा: चारुदत्त व मैत्रेय गाणे ऐकून परततात आणि झोपी जातात, वसंतसेनेच्या दागिन्यांची पेटी रात्रीपुरती मैत्रेयाजवळ असते. शर्विलक भिंत फोडून शिरतो. हा चोरही ब्राह्मणच. जानव्याने भिंतीवर माप घेतो. घरचे दारिद्र्य पाहून तो परतू पाहतो, तोच मैत्रेय झोपेत बरळतो आणि पंचात गुंडाळलेली पेटी मित्र समजून, गाईची व ब्राह्मणाची शपथ घालून, चोराच्याच हाती देतो. चोराची बोटे गार लागतात, तरी त्याला शंका येत नाही. माल विकून मोकळ्या झालेल्या वाण्यासारखे आता आपण सुखाने झोपू, असे म्हणतो.

बाईंचा हट्ट मूळ प्राकृतासाठी होता. मी चटईवर डोळे मिटून उठून बसलो, पेटी पुढे केली, आणि शपथेचे ते प्राकृत वाक्य गेले. छाया जिभेवर तयार होती. ज्या छायेला आयुष्यभर कवटाळले तीच नेमकी पुढे आली आणि मूळ येईना. शर्विलक हात पुढे करून ताटकळला होता. मी सवयीने, डोळे मिटलेलेच ठेवून, पडद्याच्या कडेला कान केला. तेथून वाक्य यावयाचे. पण तेथे बसणारा मनुष्य तर येथे चटईवर होता! हे ध्यानात येताच माझा एक डोळा उघडला. रिकामी खुर्ची दिसली. मग प्रेक्षक दिसले. पहिल्या रांगेसकट सारे हसत होते.

आणि काही झाले नाही. म्हणजे जे होईल म्हणून मी इतकी वर्षे भीत होतो, ते झाले नाही. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले. हात जेथे होते तेथेच होते. मग वाक्य आले. ते कोठून आले ते सांगता येत नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पोळा. मुलगा यंदा सहकुटुंब आला होता. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सकाळी नातवाला खांद्यावर घेऊन आम्ही मारबतीची मिरवणूक पाहून आलो. काळी आणि पिवळी मारबत एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ आमच्या शहरात निघते, आणि तिच्याबरोबर बडगे. ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा गवताचा पुतळा करून त्याला गावभर हसावयाचे. खेळ मजेचा खरा. मला एवढेच वाटून गेले, की दुसऱ्याचा बडग्या करणे सोपे आहे. संध्याकाळी नातू लाकडी बैल ओढीत घरोघर जाऊन बोजारा गोळा करून आला, आणि नाणी मोजता मोजता त्याने विचारले, “आजोबा, तुमचा बडग्या कोणी केला का?”

मुलाने मान खाली घातली. मी म्हणालो, “केला होता, तुझ्या बाबाने. फार हुबेहूब होता.” मग मुलाकडे पाहून म्हटले, “करून दाखव ना रे.”

तो बराच वेळ उठला नाही. मग उठला. माझी टोपी खुंटीवर होती, चष्मा मी काढून दिला. चष्म्यावाचून मला तो अंधुकच दिसत होता. पण दटावण्याचा स्वर, खांदा उडविणे, बोट उगारणे, सारे ओळखू आले. शेवटी एक गोष्ट मात्र अनोळखी होती. रागावून झाल्यावर त्याने चटकन खिडकीकडे पाहिले, कोणी पाहिले तर नाही ना, अशा बेताने.

“हे तुझ्या पदरचे,” मी म्हणालो. “मी खिडकीकडे पाहत नाही.”

“पाहता, बाबा.”

स्वयंपाकघरातून आवाज आला, “पाहता हो!”