एक पायरी मागें

माझा नातू बॉस्टनला असतो. दर रविवारीं सकाळीं आम्ही दोघे ‘माइनक्राफ्ट’ या खेळांत एक वाडा बांधतों. पुण्यांतला आमचा खरा वाडा पाडला गेला, तेव्हां तो जन्मलाही नव्हता. जून २०२४ मधल्या एका रविवारीं दार उघडेना. पडद्यावर सूचना आली: आवृत्ति जुळत नाहीं, १.२०.६ वापरा. माझ्या संगणकानें परस्पर नवी १.२१ घेतली होती! सत्तरीच्या माणसाला कोणी पुढें गेलेला म्हणावें, याचा क्षणभर मला आनंदच झाला.

“मग तूंच नवी घे कीं,” मी म्हणालों.

“नको, आजोबा. सर्व्हरवरचे प्लगिन अजून तयार नाहींत. आणि वाडा एकदां नव्या आवृत्तींत नेला, कीं जुन्या आवृत्तींत सुखरूप परत येत नाहीं. तुम्हांला मात्र मागें येतां येतं.”

खरेंच होतें. वाडा त्याच्या सर्व्हरवर. माझ्यापाशीं नुसती किल्ली. खेळ सुरू करून देणाऱ्या लाँचरच्या ‘इन्स्टॉलेशन्स’मध्यें नवी नोंद करून १.२०.६ निवडली, आणि दार उघडलें.

‘काळाबरोबर चल,’ असें मीं मुलाला जन्मभर बजावलें. तो चालत चालत बॉस्टनला गेला. भेटायचें, तर कोणाला तरी एक पायरी मागें यावें लागतें, हें मला कधीं सुचलें नव्हतें. नातू ओसरीवर वाट पाहत होता.