अकरा भरेनात म्हणून

उभ्या आयुष्यात ज्याने चेंडूला धड लाथ मारली नाही, शाळेत असताना कवायतीच्या तासाला ज्याचे पोट हमखास दुखू लागे, आणि फुटबॉलमधील ‘ऑफसाइड’ या प्रकाराची कैफियत ज्याला आजतागायत नीटशी उमगलेली नाही, अशा माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराकडे एका फुटबॉल संघाचे दप्तर आणि खजिना सोपवला जावा, हा योग मॉरिशसमध्येच यावयाचा होता. १९९८ साली अध्यापनाच्या निमित्ताने मी त्या बेटावर गेलो आणि पश्चिम किनाऱ्याकडील, जेथून ल मोर्नचा काळा कडा दूरवर दिसतो अशा, उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या एका गावात बिऱ्हाड केले. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मजुरीसाठी गेलेल्या आपल्या लोकांचे वंशज त्या भागात बरेच आहेत. गणेशचतुर्थीची तेथे सरकारी सुटी असते आणि त्या दिवसांत झाकरीचा नाच पाहताना आपण समुद्रापलीकडे आलो आहोत हे क्षणभर विसरायला होते. परंतु वर्गाबाहेर पडताच माझे विद्यार्थी मराठी पिशवीत घालून ठेवीत आणि सगळ्या बेटाची जी बोली, त्या क्रिओलमध्ये बोलू लागत.

भाषा एक झाली की माणसे एक होतात, असे मी मोठ्या श्रद्धेने वर्गात शिकवीत आलो होतो. येथे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, भारतातून मजूर म्हणून आणलेल्यांचे वंशज, मुसलमान, चिनी आणि मूठभर फ्रेंच वंशाचे गोरे जमीनदार, असे सगळेच एक बोली बोलत होते, आणि त्याच बोलीत परस्परांसाठी ठेवणीतल्या शिव्याही होत्या: हिंदूला ‘मलबार’, मुसलमानाला ‘लास्कार’, काळ्या क्रिओलाला ‘माझांबिक’. १९६८च्या जानेवारीत, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल होऊन ब्रिटिश पलटण बोलवावी लागली होती, हे गावातील वृद्ध अजून दबक्या आवाजात सांगत.

खेळ तरी या भेदांच्या पलीकडचा असेल, ही माझी भाबडी समजूतही फार दिवस टिकली नाही. तेथील नामांकित फुटबॉल क्लब एकेका समाजाच्या मालकीचे म्हणावेत असेच होते. मुस्लिम स्काउट्स, हिंदू कॅडेट्स, तमिळ कॅडेट्स ही नावेच पुरेशी बोलकी होती; फायर ब्रिगेड हा क्रिओलांचा आणि डोडो हा गोऱ्यांचा समजला जाई. पुढे नावांतील धर्म पुसण्यात आला आणि मुस्लिम स्काउट्सचे नुसते ‘स्काउट्स’ झाले. पण पाटी बदलल्याने घरातली माणसे बदलत नाहीत. रविवारी मैदानावर जे अकरा विरुद्ध अकरा चाले, ते प्रेक्षकांच्या मनात एक समाज विरुद्ध दुसरा समाज असेच असे.

१९९९ च्या फेब्रुवारीत काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेट काही दिवस पेटले. ती राख निवते न निवते तोच २३ मे रोजी बेल व्ह्यू येथील अंजले स्टेडियमवर स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांचा विजेतेपदाचा सामना झाला, फायर ब्रिगेडने तो जिंकला, आणि त्या रात्री पोर्ट लुईमधील ‘लामिकाल’ या जुगारगृहाला लावलेल्या आगीत सात जीव गेले. रेडिओवर ही बातमी आली तेव्हा मी निबंधांच्या वह्या तपासत होतो, आणि विषय मीच दिलेला होता: ‘खेळाचे महत्त्व’. त्या वह्या मी पुन्हा उघडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गातील हजेरी निम्म्यावर आली.

साखळी सामने बंद पडले. पुढे जेव्हा ते पुन्हा सुरू झाले तेव्हा समाजवार क्लबांच्या जागी प्रांतवार आणि शहरवार क्लब उभे राहिले होते. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते राजधानीतले नव्हे, आमच्या गावातले आहे.

गावात पोरांचे दोन संघ होते, एक क्रिओलांचा आणि एक हिंदूंचा, ज्यात माझे मराठी विद्यार्थीही आले. तीन-चार मुसलमान मुले होती, ती कोणातच नव्हती आणि गोलाच्या मागे उभी राहून चेंडू आणून देत. मे महिन्यानंतर बापांनी ताकीद दिली, काही मुले घरी बसली, काही हॉटेलांत कामाला लागली. पुढल्या वर्षी गावोगावच्या संघांची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा एका संघात सात उरले होते आणि दुसऱ्यात पाच. अर्जाची मुदत आठ दिवसांची होती. ऐक्याची कोणी भाषणे केली नाहीत, कोणी कोणाच्या गळ्यात पडले नाही. अकरा भरेनात, एवढ्या एकाच कारणास्तव चिनी वाण्याच्या दुकानासमोरच्या बाकावर दोन्हीकडची मुले प्रथमच एकत्र बसली. दुकान चिन्याचे, म्हणजे कोणाचेच नव्हे, म्हणून जागा ती. आणि मी परदेशी, उद्या जाणारा, म्हणजे कोणाचाच नव्हे, म्हणून खजिनदार मी. हा मान माझ्या गुणांबद्दल मिळाला नव्हता, हे नमूद केलेले बरे.

पहिला तंटा सदऱ्याच्या रंगावरून झाला. हिरवा म्हणावा तर मुसलमानांचा, भगवा म्हणावा तर हिंदूंचा, लाल-निळ्याला राजकीय पक्षांचा वास. शेवटी पांढऱ्या बनियनांवर काळ्या रंगाने आकडे काढण्यात आले, आणि पहिल्याच पावसात ते आकडे पाठीवर ओघळून सगळा संघ सारखाच मळकट दिसू लागला. पहिला सामना आम्ही पाच गोलांनी हरलो. ऑफसाइड न कळणाऱ्या मलाही हरण्याचे कारण मात्र कळले होते: मराठी मुलगा क्रिओल मुलाकडे चेंडू देत नव्हता, क्रिओल मुलगा मुसलमानाला पाहत नव्हता, आणि मोकळा उभा असलेला माणूस मोकळाच राहत होता.

यावर उपाय काढला तो आमच्या गोलरक्षकाने. हा एका कोळ्याचा क्रिओल मुलगा, वय सतराच्या आसपास, बोलणे मोजके आणि बहुधा उर्मट. सरावात, त्याने फर्मावले, आपल्याच समाजाच्या मुलाने दिलेल्या चेंडूवर मारलेला गोल धरायचा नाही. मुले चिडली, एकाने हा नियम कोणत्या पुस्तकात आहे ते दाखव म्हटले, पण गोलात उभे राहणारा दुसरा कोणी नसल्यामुळे त्याचे फर्मान चालले. पहिले दोन दिवस नियमाला बगल देण्याचे नाना प्रयोग झाले. एक विद्यार्थी तर आपली आजी तमिळ असल्याने आपण दोन्हीकडे मोजले जावे अशी दरखास्त घेऊन माझ्याकडे आला होता. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र मुलांची नजर गोलाकडे धावताना आधी दुसऱ्याला शोधू लागली. हृदयपरिवर्तन वगैरे काही झाले असे मला वाटत नाही. सवय बदलली, आणि माझ्या मते तेवढे पुष्कळ होते.

चौथ्या सामन्यातला प्रसंग मी विसरू शकत नाही. आमच्या उजव्या बाजूने एक मुसलमान मुलगा खेळे, पूर्वी गोलामागून चेंडू आणून देणाऱ्यांपैकी. प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला ‘लास्कार’ म्हणून हाक घातली, तोच आमचा एक मराठी गडी, माझाच विद्यार्थी, खेळ सोडून रेषेबाहेर धावला आणि त्याने त्या इसमाची गचांडी धरली. पंचाने त्याला बाहेर काढले, आम्ही दहा जणांनिशी खेळलो आणि हरलो. गंमत अशी, की आदल्याच सोमवारी सरावात याच वीराने त्याच मुलाला तीच शिवी दिलेली मी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. परतताना मी त्याला त्याबद्दल छेडले तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, मी म्हणेन, तो आमचा आहे. त्यांनी का म्हणावे?” हे तर्कशास्त्र सदोष आहे. तरीही दंगलीनंतरच्या त्या गावात याहून आशादायक वाक्य माझ्या कानी पडले नव्हते.

गाव बदलले असे मात्र मी म्हणणार नाही. लग्नाची आमंत्रणे पूर्वीच्याच उंबऱ्यांवर थांबत, आणि मुलांचे बाप सामन्याला येत ते मैदानाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहत. फरक झाला तो एवढाच, की गणपतीच्या दिवसांत मराठी मुले सरावाला आली नाहीत तेव्हा गोलरक्षक माझ्या दारी तक्रार घेऊन आला, आणि तुमचा हा देव नेमका कधी पाण्यात जातो ते त्याने वहीत लिहून नेले.

२००३ मध्ये हिंदी महासागरातील बेटांचे क्रीडासामने मॉरिशसमध्ये भरले. रियुनियनविरुद्धचा अंतिम सामना आम्ही त्याच चिन्याच्या दुकानात दूरचित्रवाणीवर पाहिला आणि मॉरिशसने सुवर्णपदक जिंकताच सगळे गाव चार रंगांचे राष्ट्रध्वज घेऊन रस्त्यावर आले. १९८५ सालीही असेच झाले होते, असे वृद्ध म्हणाले. पण नव्या प्रांतवार क्लबांच्या सामन्यांना तेव्हाही प्रेक्षक फिरकत नव्हते. क्लबांतून समाज गेला तशी गर्दीही गेली, आणि जी मुले स्काउट्ससाठी भांडली असती ती मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांच्यासाठी भांडू लागली.

समाजवार संघांचा हा प्रकार आपल्याकडेही नवा नाही. मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि १९३७ पासून ‘इतर’ असे संघ करून पंचरंगी क्रिकेट चाले. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी त्या रचनेविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ मध्ये ते सामने बंद पडले. माझे वडील ते सामने बंद झाल्याची हळहळ अखेरपर्यंत करीत, आणि खेळ उत्तम होई हे खरेच असावे.

निवृत्त होऊन मी आता कोकणात राहतो. दर उन्हाळ्यात आमच्या पंचक्रोशीत अमुक ज्ञातिबांधव चषक, तमुक समाज करंडक अशा क्रिकेट स्पर्धांचे फलक लागतात आणि मुले पावतीपुस्तक घेऊन दारी येतात. मी त्यांना चहा देतो, वर्गणी देत नाही. गावात कोणी सगळ्या वाड्यांचा मिळून एक संघ काढणार असेल तर त्यांनी जरूर यावे. हिशेब ठेवण्याचा मला अनुभव आहे.