‘ळ’च्या मागे लागून

मराठी मुलांना ‘ळ’ उशिरा येतो. ‘प’, ‘ब’, ‘म’ ओठांवर दिसतात, बघून उचलता येतात. ‘ळ’साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूला टेकवायचं आणि तिथून पुढे झटकायचं असतं, आणि हे सगळं तोंडाच्या आत, कुणाला न दिसता. त्यामुळे तीन-चार वर्षांची कितीतरी मुलं ‘बाळ’ला ‘बाल’ किंवा ‘बाय’ म्हणतात आणि पुढे आपोआप सुधारतात. स्पीच थेरपी शिकताना हे मला नीट शिकवलं होतं. तरीही नाशिकमध्ये काम सुरू केल्यावर एका मुलाच्या ‘ळ’च्या मागे लागून मी त्याचं आणि त्याच्या आजीचं बोलणं तोडलं. तीच चूक अजूनही ठिकठिकाणी होताना दिसते, म्हणून लिहिते आहे.

मुलगा साडेचार वर्षांचा होता. वडील एमआयडीसीत कामाला, मूळ गाव धुळे जिल्ह्यात साक्रीकडे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं होतं आणि ‘बोलतच नाही, बोलला तर कळत नाही’ ही शाळेची तक्रार होती. तक्रार खरी होती. दोन शब्दांपुढे त्याचं वाक्य जात नव्हतं. ‘काका’चा ‘ताता’ व्हायचा, ‘गाडी’ची ‘दादी’. या वयात हे जायला हवं होतं, त्यावर काम करायलाच हवं होतं.

पण मी चित्रांची कार्डं काढली आणि कागदावर खुणा करत गेले. डोळ्याला तो ‘डोया’ म्हणाला, केळ्याला ‘केयं’, शाळेला ‘साया’. ‘ळ’चा प्रत्येक शब्द चुकीचा, सगळ्या रकान्यांत लाल फुली. इतकी ठळक, एकसारखी चूक सापडली की थेरपिस्टला बरं वाटतं, कारण काय करायचं ते लगेच ठरवता येतं. आरसा आणला, जीभ वर न्यायचे व्यायाम दिले, घरी रोज ‘बाळ, माळ, जाळ’ म्हणून घ्यायला सांगितलं. ‘मातृभाषा’ या रकान्यात वडिलांनी ‘मराठी’ लिहिलं होतं. घरात कोण कसं बोलतं, हे मी विचारलंच नाही.

त्या घरात अहिराणी बोलत होते. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’च येतो. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. मुलगा चुकत नव्हता, ज्यांच्या मांडीवर वाढला त्यांच्यासारखं बरोबर बोलत होता. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा अहिराणी जिच्यात मोडते ती खानदेशी, मराठीपासून वेगळी नोंदवली होती. 2011 च्या जनगणनेतही ती मराठीत न धरता वेगळी मोजली आहे, आणि ती मातृभाषा म्हणून सांगणारे लोक 18 लाखांहून जास्त आहेत. माझं क्लिनिक खानदेशच्या उंबरठ्यावर होतं, तरी मला हे ठाऊक नव्हतं. बहिणाबाई चौधरींच्या कविता आपण शाळेत शिकतो. त्यांतही ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि तिथे तो आपल्याला गोड वाटतो. माझ्या टेबलावर त्याच ‘य’ला मी फुली मारत होते.

पुढे जे केलं ते याहून वाईट. आईकडून कळलं की आजी घरात ‘गावाकडचं’ बोलतात. मी ठामपणे सांगितलं, ‘घरात एकच भाषा ठेवा. शुद्ध मराठी. मुलगा गोंधळतोय. आजींना सांगा, त्याच्याशी तसं बोलू नका.’ तेव्हा असा सल्ला सर्रास दिला जायचा, पण मी तो तपासून पाहिला नाही, ही जबाबदारी माझीच. दोन भाषा ऐकल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलांना, स्वमग्न मुलांनासुद्धा, दोन भाषा झेपतात. मुळात अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. एक भाषा काढून घेतल्याने दुसरी वाढत नाही, मुलाशी बोलणारं एक माणूस मात्र कमी होतं.

आई-वडील दोघंही कामावर जायचे. दिवसभर मुलाशी बोलणारं माणूस एकच होतं, आजी, आणि त्यांनाच मी गप्प बसायला सांगितलं. मुलाची प्रगती थांबली. मी आईला म्हणत राहिले की घरी सराव कमी पडतोय. त्या बिचाऱ्या मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. ही आठवण मला आजही टोचते.

एकदा आईला सुट्टी मिळाली नाही म्हणून आजी त्याला घेऊन आल्या. मी नेहमी पालकांना बाहेर बसवायचे, त्या दिवशी तो आजींना सोडायला तयार नव्हता म्हणून त्याही आत बसल्या. त्याला काही हवं असलं की त्या बोटाने दाखवायच्या, हाताने खुणा करायच्या. मी म्हटलं, ‘आजी, बोला ना त्याच्याशी.’ त्या म्हणाल्या, ‘मनी भाषा खराब शे ना, ताई?’

मला काय उत्तर द्यावं कळेना. मी माफी मागितली आणि घरी बोलता तसं बोला, असं म्हटलं. त्यांच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा होत्या. त्या सतरंजीवर बसल्या, एक शेंग फोडली, दाणा त्याच्या हातावर ठेवला. दुसरी शेंग फोडली आणि दाणा मुठीतच धरून थांबल्या. त्याने मुठीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘आखो.’ आखो म्हणजे आणखी. दाणा मिळाला. पुन्हा मूठ, पुन्हा ‘आखो’. थोड्या वेळाने ‘आजी, आखो दे’. मी कार्डं दाखवून ‘अजून पाहिजे’ म्हणवून घ्यायचा प्रयत्न करत होते आणि जमत नव्हतं. वस्तू हातात ठेवून थांबायचं, मुलाला मागायला जागा द्यायची, हे तंत्र आम्हाला पुस्तकातून शिकवतात. आजींना ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर ‘ळ’ पूर्ण सोडला. ‘क’ आणि ‘ग’वर काम केलं, कारण ते अहिराणीतही लागतात. आजी सेशनला आत बसू लागल्या. चमत्कार झाला नाही, थेरपी बराच काळ चालली. पण त्याची पहिली लांब वाक्यं आजीच्या बोलीत आली आणि मागोमाग मराठीत. शाळेतल्या मराठीतला ‘ळ’ पुढे त्याने आपणहून उचलला. आजीशी बोलताना तो ‘डोया’च म्हणायचा, आणि ते बरोबरच होतं.

त्या काळातल्या आणखी चुका आहेत. उच्चार सुधारतील म्हणून मुलांना शिट्ट्या आणि फुगे फुंकायला लावले. फुंकण्याने फुंकणं सुधारतं, बोलणं नाही. एका मुलीच्या ‘स’ आणि ‘श’वर काम करत राहिले आणि कानांची तपासणी उशिरा करायला सांगितली. तिच्या पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. जे धड ऐकूच येत नव्हतं ते ती म्हणणार कसं? आता कानांच्या तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय मी थेरपी सुरू करत नाही. आणि पालक बाहेर बसत नाहीत.

नव्याने या व्यवसायात आलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नंदुरबारला पावरी, भामरागडला माडिया, सावंतवाडीला मालवणी बोलणारी घरं तुमच्याकडे येतील आणि अर्जावर ‘मराठी’च लिहितील. चाचणीच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दहा मिनिटं मनमोकळं बोलू द्या आणि ऐका. मूल त्यांच्यासारखं बोलत असेल तर तो दोष नाही, तिथे फुली मारू नका.

आणि पालकहो, कुणीही, अगदी थेरपिस्टनेही, घरातली बोली बंद करा असं सांगितलं तर ऐकू नका. आजी-आजोबांना मुलाशी त्यांच्याच भाषेत, भरपूर बोलू द्या.