तिसऱ्या पोर्टची टिकटिक

बुटीबोरी, मे.

थंड इंजिन सुरू केलं की टिकटिक, तापलं की गायब. जुन्या सिटी व्हीटेक गाडीचा हा आवाज बरेच जण टॅपेटवर ढकलून मोकळे होतात. पण टॅपेट काजळी सोडत नाही, आणि इथे तिसऱ्या एक्झॉस्ट पोर्टपाशी हेडरच्या फ्लँजवर काळा ओघळ. सायलेन्सरमधून ब्लोअरची हवा दिली, साबणाचं पाणी मारलं, बुडबुडेच बुडबुडे.

"पॅकिंग बदलून का होते भाऊ, फ्लँजच वाकली आहे ना," वेल्डर म्हणाला. स्टीलपट्टी लावली, फट दिसली. ३०४ स्टेनलेसची अर्धा मीटर नळी ५०० अंशांनी तापली तर ४ मिलिमीटरहून जास्त वाढते. इंजिनाचं हेड तेवढं तापत नाही. ओढाताण सगळी स्टडांवर. एमआयडीसीचा एवढा फायदा, सरफेस ग्राइंडर पलीकडच्याच गल्लीत. फ्लँज तिथेच सपाट करून घेतली.

नळीला चीरही होती. तिच्या टोकाला आधी बारीक भोक, मग आर्गन वेल्डिंग. नाहीतर चीर पुढे पळतेच. नट मधून कडेकडे आवळले, गाडी तापवून, निववून पुन्हा एकदा.

आवाजासाठी मुद्दाम गळती ठेवणारी पोरं मला कळत नाहीत. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर फसतो, ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतं. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, वर्धा रोडवर एक फेरी.