पिशवीतली फाईल आणि डॉक्टरांचं पत्र



आपल्या मोहगावात ज्या घरात साठीच्या वरचं माणूस आहे, त्या घरात एक पिशवी असतेच. बहुतेक कापडाच्या दुकानाची. तिच्यात एक्स-रे, शुगरचे रिपोर्ट, ईसीजीच्या पट्ट्या, मेडिकल स्टोअरची बिलं, सगळं एकात एक कोंबलेलं. सौंसरला जाताना तीच पिशवी, नागपूरला जाताना तीच. २०२३ मध्ये आपण छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा जिल्ह्यात आलो, पण दुखण्याची वाट बदलली नाही. आधी सौंसर, मग नागपूर. मी बी.कॉम. झालेला, सारी नोकरी बँकेत काढलेला माणूस. ती पिशवी पाहिली की मला वाटतं, या माणसाचं खातं कोणी लिहीतच नाही. जमा कुठे, नावे कुठे, शिल्लक काय, काही पत्ता नाही.

आमच्या दादांचं सांगतो. प्रेशरची गोळी त्यांना जुनीच चालू होती. मध्ये धडधडायला लागलं म्हणून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि प्रेशरची गोळी लिहून दिली. जुन्या चिठ्ठ्या पिशवीत होत्या, पण बाहेर साठ पेशंट बसलेले, पिशवी उघडायला वेळ कोणाला? दादा दोन्ही गोळ्या घेत राहिले. तिसऱ्या आठवड्यात पहाटे न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. प्रेशर मोजलं तर वरचा आकडा नव्वदच्या आत. दोन्ही पाकिटं चष्मा लावून मी वाचली. कंपन्या वेगळ्या, मोठ्या अक्षरातली नावं वेगळी, खाली बारीक अक्षरात दोन्हीवर एकच, ॲम्लोडिपिन. पडले ते त्यामुळेच असं छातीठोक सांगायला मी डॉक्टर नाही. दादा म्हणाले, "दोघंही डॉक्टरच होय ना बाप्पा, मंग कोणाचं ऐकू अन् कोणाचं नाही?" आजही वॉकर घेऊन चालतात.

यात कोणी डॉक्टर वाईट होता असं मी म्हणत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. फक्त याचं त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं मुलीकडे लेस्टरला तीन महिने राहिलो. तिथे सौ.ला खोकला लागला. मुलीने जवळच्या दवाखान्यात तात्पुरती पेशंट म्हणून नाव घातलं. डॉक्टरीण बाईंनी आधी औषध दिलंच नाही, विचारलं, चालू गोळ्या कोणत्या? मी कागद पुढे केला. त्यातली प्रेशरची एक गोळी पाहून म्हणाल्या, हिच्यानेच कोरडा खोकला येतो कधीकधी, ही बदलू या. इंजेक्शन नाही, सलाईन नाही. आठ-दहा दिवसांनी खोकला गेला. फी द्यायला पाकीट काढलं तर मुलगी म्हणाली, "बाबा, ठेवा ते."

मला वाटलं सरकारी दवाखाना. जावईबापूंनी समजावलं तेव्हा कळलं की तिथले बरेचसे जीपी सरकारी नोकर नाहीतच. १९४८ साली एनएचएस सुरू झाली तेव्हापासून ते सरकारशी करार करून आपापला दवाखाना चालवतात. म्हणजे आपल्या सौंसरच्या डॉक्टरांसारखेच स्वतःचे मालक. फरक पैशाच्या हिशेबात. त्यांना मुख्यतः नाव नोंदवलेल्या प्रत्येक माणसामागे पैसे मिळतात, म्हाताऱ्या माणसामागे जास्त. पेशंट दहा वेळा आला म्हणून दहापट कमाई नाही. उलट तो बरा राहिला तर डॉक्टरचा वेळ वाचतो. बँकवाल्याला हे लगेच समजतं. व्याज कशावर लावलं, त्यावर माणूस कसा वागेल ते ठरतं.

दुसरी गोष्ट खात्याची. पेशंटने गाव बदललं की त्याची नोंद नव्या डॉक्टरकडे जाते. मोठ्या दवाखान्यातून सुटी झाली की २४ तासांत त्याच्या जीपीला पत्र गेलं पाहिजे, असा करारच आहे. काय झालं, कोणती गोळी बंद, कोणती चालू, सगळं लिहून. औषधंही बहुतेक मूळ नावानेच लिहितात, कंपनीच्या नाही.

आता कोणी म्हणेल, काकाजींना विलायत चढली. तसं नाही. तिथे सकाळी आठला फोन लावून बसावं लागतं, तेव्हा नंबर लागतो. २०२३ मध्ये इंग्लंडात दवाखान्याच्या उपचारांची यादी ७० लाखांवर गेली होती. दादांच्या खुब्याचं ऑपरेशन नागपुरात तिसऱ्या दिवशी झालं. गुडघा बदलायला लेस्टरची शेजारीण वर्षभर थांबली होती. जपानात बहुतेक दवाखाने खाजगीच, पण दराची यादी देशभर एक. प्रत्येक कामाला गुण, एका गुणाचे १० येन, दर दोन वर्षांनी यादी दुरुस्त. ते आपल्याकडे सरकारने मनावर घ्यावं लागेल. आपल्याला ७० वर्षांवर आयुष्मान कार्ड मिळालं, ५ लाखांपर्यंतचं, पण ते भरती झाल्यावर. रोजच्या ओपीडीचं खिशातूनच.

पत्राला मात्र सरकार लागत नाही, कागद लागतो. नियमही आहेत बरं का. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत लिहिलं आहे की भरती झालेल्या रुग्णाचे कागद ३ वर्षं सांभाळायचे आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे. पेशंट पाठवल्याचं कमिशन त्यातच मना आहे. गावखेड्यात नोंदी ठेवणं जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आठवावेत. विंचू चावलेल्या कोकणातल्या पेशंटच्या नोंदी ठेवल्या, त्यावरचे लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

हे सगळं मी सौंसरच्या एका तरुण डॉक्टरला ऐकवलं. तो हसला. "काका, इथे सुई नाही टोचली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो. तुमची ती डोक्यामागची फी मला कोण देईल?" खरंच आहे. त्याच्या डोक्यावर दवाखान्याचं कर्ज आहे, आणि कर्ज काय असतं ते मला सांगायला नको. पण पत्राचं त्याला पटलं. आता नागपूरला पाठवताना तो अर्ध्या पानावर चालू औषधं मूळ नावानिशी लिहून देतो आणि खाली एक ओळ टाकतो, काय बदल केला ते कृपया कळवावं.

परवा विचारलं, उत्तरं येतात का? म्हणाला, अकरा पत्रं गेली, दोघांनी लिहून पाठवलं. एकाने तर खाली आपला मोबाईल नंबर दिला, रात्री नऊनंतर फोन करा म्हणून.