घुमटाखालचे घर

शब्दाप्रमाणे वास्तूचेही अर्थांतर होते, असे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. देवकुलाचे ‘देऊळ’ झाले, गर्भागाराचा ‘गाभारा’ झाला. दोहोंच्या मुळाशी घरच आहे. कन्नडमधील जैन मंदिर, ‘बसदी’, हीदेखील मूळची ‘वसति’. मग पवित्र वास्तूचे पुन्हा घर का होऊ नये?

हे दाखवण्यासाठी एकदा सोलापूरहून विद्यार्थ्यांना विजापूरला नेले. १८८५ साली जिल्ह्याचे ठाणे कलादगीहून तेथे आले आणि अनेक आदिलशाही वास्तूंत सरकारी कारभार थाटला गेला. ‘जोड घुमट’ या मकबऱ्यांपैकी एकात अभियंत्याचे निवासस्थान होते. जाड भिंती, आतला गारवा, पाकळ्यांच्या वलयातून वर आलेला घुमट; उन्हाळ्यात राहण्यास याहून सुखद जागा कोणती, असे मी म्हणालो. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ज्यांची माणसे इथे पुरली होती, त्यांना कोणी विचारले होते का?”

मला उत्तर देता आले नाही. इंग्लंडमधील खेड्यांतही ओस पडलेल्या चर्चची घरे होतात. पण तेथे धर्मसंस्था आधी लोकांच्या हरकती ऐकते, रीतसर उपासना थांबवते, मगच वास्तू विकते. ‘देऊळ’ हा शब्दही पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून घडला. विजापुरात मात्र राज्यकर्त्यांचा हुकूम पुरेसा ठरला. माझ्या उदाहरणात हाच भेद निसटला होता.

म्हणून अशा वास्तूची रचना अवश्य अभ्यासा. परंतु तिचा अर्थ कोणी बदलला, हेही विचारा.