ओल्या मुलखातला ओटा

मावळातल्या जुन्या घरांत स्वयंपाकघर मागच्या अंगाला, परसदाराशी असतं. आड तिकडे, राखेचा उकिरडा तिकडे, सरपणाची खोपही तिकडेच. भिंतीशी चूल, चुलीला लागून वैल, कोपऱ्यात मोरी. वर तुळईला लसणाच्या जुड्या, फडक्यात बांधलेलं दुधीभोपळ्याचं बी आणि जूनच्या आधी फोडून रचलेली लाकडं. ती लाकडं तिथं धुरावर वाळत. चार महिने सगळं घरच त्या चुलीच्या उबेवर कोरडं राहत असे, आणि हे चूल गेल्यावर कळतं.

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गाडीनं मळवली, कामशेत, वडगाव करत तळेगावला पोचेपर्यंत तो निम्म्याहून कमी झालेला असतो. आमचं घर यातल्या ओल्या बाजूला, कार्ल्याच्या डोंगराकडे तोंड करून. गॅस आला तेव्हा सासऱ्यांनी चूल काढून कडाप्प्याचा ओटा बांधला. त्या काळी ती केवढी मोठी गोष्ट होती! सासूबाई पहिल्यांदा उभं राहून स्वयंपाक करू लागल्या, डोळ्यांतलं पाणी थांबलं, खोकला कमी झाला. धुराचं कौतुक धुरात न बसलेल्यांनी करावं; मला ते करवत नाही.

पण गॅसचं एक गणित तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरहून जास्त पाणी घरातल्या हवेत मिसळतं. भाताची, डाळीची वाफ वेगळीच. लाकूड जळतानाही वाफ व्हायची, पण ती धुराबरोबर कौलांच्या फटींतून निघून जाई आणि चुलीची माती रात्रभर ऊब धरून राही. आता कौलांखाली पत्रे ठोकलेले, खिडकीला पावसाच्या झडीत प्लास्टिक बांधलेलं, आणि ओटा नेमका पश्चिमेच्या भिंतीला, जिथं पाऊस थेट आपटतो. ऑगस्टात त्या भिंतीचे पोपडे कणकेच्या परातीत पडत.

स्वयंपाकघर नवं करायचं म्हटल्यावर दुकानांतून पत्रकं आली. चकचकीत ट्रॉल्या, काचेची दारं. त्यातलं बरंचसं काम भुशाच्या दाबीव फळीचं असतं. पुण्यात कोरड्या फ्लॅटमध्ये ते टिकत असेल. आमच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात कडा फुगून दार लागेनासं होतं, हे शेजारपाजारी पाहिलेलं आहे. हाताशी पैसे बेताचे होते. तेव्हा मी ठरवलं की पहिला रुपया पाण्यावर घालायचा, दुसरा हवेवर, आणि उरेल त्यात दिसण्याचं बघायचं.

म्हणून काम सुरू झालं ते घराबाहेर. पश्चिमेच्या भिंतीवरची वळचण वाढवून घेतली, पन्हळ नवी बसवली, पायाशी साचणारं पाणी चर काढून ओढ्याकडे वळवलं. गवंड्यानं भिंतीचा जुना गिलावा विटेपर्यंत खरवडून काढला आणि भिंत आख्खा उन्हाळा तशीच उघडी ठेवायला लावली. “ताई, ओल आत ठेवून वर टाइल लावली तर ती आतल्या आत चढते,” तो म्हणाला. बघायला येणाऱ्यांना ती उघडी वीट पाहवत नव्हती. मला त्या विटेचा रंग दर आठवड्याला फिका होताना बघणं आवडत होतं.

मग ओटा पूर्वेला आणला, परसदाराच्या खिडकीखाली. खिडकीच्या वरच्या कप्प्यात वाफ ओढणारा पंखा बसवला. खाली, जमिनीलगत, जाळीचा झरोका ठेवला. गळती झाली तर गॅस हवेपेक्षा जड असल्यानं खालीच साचतो, वरच्या पंख्याचा त्याला उपयोग नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटसाठी जुन्या हमरस्त्यावरच्या वखारीतून उरलेले तुकडे निवडले. दोन तुकड्यांचा रंग जुळत नाही. सांधा शेगडीच्या मागे घेतला आणि सगळ्या ओट्याला सिंककडे दोन सूत उतार दिला.

फ्रँकफुर्टमध्ये १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी कामगारवस्तीतल्या घरांसाठी असंच बेतातलं स्वयंपाकघर आखलं होतं. जेमतेम १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. आजच्या सगळ्या बांधीव किचनांची ती आजी. बाईच्या हाताला काय किती वेळा लागतं, ती किती पावलं चालते, हे मोजून त्यांनी ते रचलं. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे, अळ्या होऊ नयेत म्हणून. आणि खिडकीपाशी कामाची फळी मुद्दाम खाली, समोर बसायला स्टूल. पुढे त्यांची नक्कल करणाऱ्यांनी पावलं वाचवणं तेवढं उचललं आणि बसणं टाकून दिलं, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या सासूबाईंना बसणं हवं होतं. चौतीस इंचांच्या ओट्यावर भाजी परतता येते, पण तांदळाची उकड मळायला खांद्यातून भार द्यावा लागतो. तो खालच्या फळीवरच देता येतो. त्या इतकी वर्षं ओट्यावर शिजवून भाकरीसाठी परात घेऊन जमिनीवर बसत, आणि उठताना भिंत धरत. आता ओट्याच्या टोकाला अठ्ठावीस इंचांवर जुन्याच कडाप्प्याची लादी आहे. खाली मोकळी, म्हणजे स्टुलावर बसून गुडघे आत जातात. पहिल्या दिवशी त्यांनी परात ठेवून पाहिली, तळहातानं उकड रेटली, परात सरकली. “ओलं फडकं दे गं खाली,” म्हणाल्या. फडकं घातल्यावर परात हलली नाही. एकामागून एक भाकऱ्या तव्यावर गेल्या, त्यांचे पदर सुटले. त्यांना उजेडात पीठ दिसत होतं, आणि दारातून आत येणारं प्रत्येक माणूसही.

खालचे कप्पेही कडाप्प्याचेच केले. त्याला ओल लागत नाही, वाळवी लागत नाही, आणि तांदळाची कोठी ठेवली तरी तो वाकत नाही. कोठीत इंद्रायणी असतो, वडगावच्या भात संशोधन केंद्राचा वाण. पावसाळ्यात त्याला पहिली ओल लागते, म्हणून ती कोठी आता आतल्या, माजघराकडच्या कोरड्या भिंतीशी. सागवानी फडताळ तसंच ठेवलं. सुतारानं फक्त त्याच्या बिजागऱ्या बदलल्या आणि पाठीमागे दोन बोटं जागा सोडून ते उभं केलं, हवा खेळावी म्हणून.

कप्प्यांना दारं अजून नाहीत. सध्या सुती पडदे आहेत, सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचे. सुतार म्हणतो, भर पावसात माप घेतलं तर लाकूड नंतर आकसेल आणि फटी पडतील. दसरा होऊ द्या, मग येतो. तोवर सहा फळ्या माळ्यावर पट्ट्या टाकून आडव्या रचून ठेवल्यात, आणि पश्चिमेच्या भिंतीवर, जिथं पूर्वी पोपडे सुटायचे, तिथं पेन्सिलीनं रेघ मारली आहे. ओल तिच्या वर चढली तर टाइलचा खर्च पुढच्या उन्हाळ्यावर जाईल.